मान-खांदा धरत असेल तर उशी कशी निवडावी: आधी घरची चादर, मग दुकान

उशी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "कापसाची दाखवू, फायबरची की मेमरी फोमची?" मानेच्या दृष्टीनं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न उंचीचा. डोकं ठेवल्यावर उशी दबून किती उरते? ही दबलेली उंची तुमच्या खांद्याला आणि झोपण्याच्या सवयीला जुळली, तर पिंजाऱ्याकडून भरून आणलेली साधी कापसाची उशीही चांगलं काम देते. ती जुळली नाही, तर कितीही महागडी उशी घ्या, सकाळी मान धरलेलीच असते. दुकानात पाच मिनिटं आडवं होऊन ही उंची कळत नाही. ती घरी, काही रात्री झोपून काढावी लागते. त्यासाठी लागणारं सामान सोलापुरातल्या बहुतेक घरांत कपाटात पडलेलंच असतं: दोन-तीन जाड सोलापुरी चादरी आणि तेवढेच टर्किश टॉवेल.

दुखणं उशीचं आहे का, हे आधी ओळखा

चार-पाच दिवस एवढंच टिपून ठेवा: मान सकाळी जास्त दुखते की संध्याकाळी? सकाळी उठताना मान आखडलेली असते आणि अंघोळ, चहा, थोडी हालचाल झाली की तासा-दोन तासांत मोकळी होते, असं असेल तर संशय उशीवर, गादीवर किंवा झोपण्याच्या पद्धतीवर घ्यायला हरकत नाही. पाहुण्यांकडे चार दिवस राहिलात आणि तिथे मान दुखली नाही, हाही तसाच पुरावा.

उलट सकाळी बरं वाटतं आणि दिवस चढत जाईल तसा खांदा भरून येतो, असं असेल तर मूळ दिवसाच्या कामात आहे. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायका, मागावर तुटलेला धागा जोडायला सतत वाकणारे कामगार, युनिफॉर्मच्या शिलाईत मशीनवर बसणारे कारागीर, आणि आता मोबाईलमध्ये मान घालून बसणारे सगळेच या गटात येतात. त्यांनी उशी जरूर सुधारावी, कारण रात्री तरी त्या स्नायूंना विसावा मिळाला पाहिजे. पण दर अर्ध्या-पाऊण तासानं मान वर करणं, खांदे मागे घेऊन फिरवणं, काम थोडं उंचावर घेणं हे सोबत हवंच.

काही लक्षणांत उशीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचे. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येऊन तो टिकून राहतो, पकड कमजोर होऊन हातातून वस्तू निसटतात, चालताना तोल जातो, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखू लागली, तापासोबत मान कडक झाली, वजन उतरत चाललंय, रात्री कुठल्याच कुशीवर दुखणं थांबत नाही. यात तापासोबत मान कडक होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा अपघातानंतरचं दुखणं असेल तर लगेच रुग्णालयात जा; बाकी लक्षणांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सिव्हिलची ओपीडी आहेच. छातीत दडपण आणि घाम येऊन डावा खांदा किंवा हात दुखत असेल तर तो हृदयाचा इशारा समजून तेव्हाच रुग्णालयात न्या. आणि केस कापताना कटाकट मान मोडून घेणं कायमचं बंद करा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला झटक्यानं इजा होऊ शकते. क्षणभराच्या हलकेपणासाठी तो धोका घेण्यात अर्थ नाही.

उंची चुकली की काय होतं

मानेत सात मणके आहेत आणि उभं असताना त्यांना पुढच्या बाजूला हलका बाक असतो. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. झोपेत हे ओझं उशीनं उचलायचं आणि तो बाक तसाच राहू द्यायचा, एवढंच उशीचं काम.

उताणं झोपल्यावर उशी उंच असेल तर हनुवटी छातीकडे दाबली जाते. मानेमागचे स्नायू रात्रभर ताणलेले राहतात, खांद्याच्या वरच्या भागात, जिथे आपण पिशवी अडकवतो तिथे, ओढ बसते आणि घोरणंही वाढू शकतं. उशी फारच पातळ असेल किंवा नसेलच, तर डोकं मागे कलतं, हनुवटी वर जाते, तोंड उघडं राहून घसा कोरडा पडतो आणि कवटी जिथे मानेला जोडली जाते तिथे दाब येतो. सकाळी तिथूनच डोकं दुखायला सुरुवात होते.

कुशीवर झोपल्यावर गणित बदलतं. आता डोकं आणि गादी यांच्यामध्ये अख्ख्या खांद्याएवढी पोकळी असते. उशी कमी पडली की डोकं गादीकडे झुकतं, वरच्या बाजूची मान ताणली जाते आणि खालच्या खांद्यावर भार येऊन हात बधिर पडतो. बरेच जण झोपेत नकळत हात डोक्याखाली घेतात. बरेचदा ती नुसती सवय नसून उशी कमी पडल्याची खूण असते. उशी जास्त झाली तर उलट, डोकं वर ढकललं जातं आणि खालची बाजू ताणते.

पालथं झोपणाऱ्यांना मात्र कोणतीच उशी फारसा उपयोग करत नाही, कारण श्वासासाठी मान एका बाजूला पूर्ण वळवून तासन्‌तास ठेवावी लागते. ही सवय मोडायचा बरा मार्ग म्हणजे कुशीवर झोपून पोटाशी एक लोड किंवा जुनी उशी कवटाळणं. पोटाला काहीतरी टेकल्याचं समाधान मिळतं आणि पूर्ण पालथं होता येत नाही. सवय सुटेपर्यंत डोक्याखाली अगदी पातळ उशी ठेवा.

भिंतीशी उभं राहून मोजमाप

घरातल्या एकाची मदत आणि एक फूटपट्टी लागेल. चप्पल काढून उभे राहा.

कुशीसाठी: भिंतीला खांदा नुसता टेकवा, दाबू नका. नजर समोर, डोकं सरळ. कानाच्या वर डोक्याच्या बाजूपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायला सांगा. रुंद खांद्याच्या पुरुषाचं हे १४ सेंमीच्या आसपास, अंगानं लहान असलेल्या बाईचं ११–१२ सेंमी भरतं. आडवं झाल्यावर खांदा थोडा दबतो आणि पुढे सरकतो, म्हणून यातून २ सेंमी वजा करा. गादी मऊ असेल तर खांदा आणखी आत रुततो, त्याचे अजून १ ते ३ सेंमी वजा करा. लाकडी पलंगावर दडदडीत कापसाची गादी असेल तर ही दुसरी वजाबाकी नको. उदाहरणार्थ, १४ सेंमी अंतर आणि कडक गादी असेल तर चाचणी १२ सेंमीपासून सुरू करायची. तोच माणूस मऊ फोमच्या गादीवर झोपत असेल तर १० पासून.

उताणं झोपण्यासाठी: टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, कुल्ले आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला. डोकं मुद्दाम मागे नेऊ नका, नेहमी जसं असतं तसं राहू द्या. डोक्याचा मागचा भाग आणि भिंत यांतलं अंतर मोजा. तरुण, ताठ पाठीच्या माणसात ते २–३ सेंमीच असतं, पोक आलेल्या आजी-आजोबांत ८–१० सेंमीसुद्धा. या आकड्यात २ सेंमी मिळवून चाचणी सुरू करा. एकाच घरात आजोबांना उंच उशी लागते आणि नातवाला पातळ, ते याचमुळे. आजोबांची उशी "तब्येतीला वाईट" म्हणून काढून घेणारी मुलं त्यांचं दुखणं वाढवून ठेवतात. त्यांची मान आता मागे जात नाही, मग आधारच वर यायला हवा.

चादर-टॉवेलची चाचणी-उशी

सोलापुरी चादर साधारण ६० बाय ९० इंचांची असते. ती लांबीच्या रेषेत एकदा दुमडली की ३० बाय ९० होते. आता ९० इंचांची बाजू सहा पदरांत घडी करा. ३० बाय १५ इंचांची बारा पदरी चपटी घडी मिळते. ३० बाय ६० इंचांच्या टर्किश टॉवेलची चार पदरी घडीही बरोबर ३० बाय १५ इंच होते. म्हणजे दोन्ही एकावर एक नीट बसतात, आणि आपली बाजारातली नेहमीची उशी १७ बाय २७ इंचांची असल्यानं आकारही जवळपास तोच. तुमची चादर थोडी लहान-मोठी असेल तर घडी ३० बाय १५ च्या आसपास येईल अशी बसवा. चादर हा पाया आणि टॉवेल ही बारीक पायरी. जाड चादरीची घडी अडीच-तीन सेंमी भरते, टॉवेलची एक-सव्वा सेंमी; पण प्रत्येकाचा पोत वेगळा, म्हणून अंदाजावर राहू नका, मोजा.

मोजायची रीत सोपी आहे. पाच लिटरचा कॅन पाण्यानं भरा, तो साधारण डोक्याच्या वजनाचा होतो. कॅनची उंची फरशीवर ठेवून मोजा. मग घड्यांची चळत फरशीवर ठेवून तिच्या मधोमध कॅन ठेवा, मिनिटभर दबू द्या आणि फरशीपासून कॅनच्या माथ्यापर्यंत मोजा. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे दबलेली उंची. कॅन २८ सेंमी आणि चळतीवर ३८ सेंमी, तर उशी १० सेंमीची. जुन्या उशीलाही हीच परीक्षा लावून बघा. दिसायला टुमटुमीत उशी मध्यभागी ५ सेंमीच उरते, हे अनेकांना पहिल्यांदाच कळतं.

भिंतीवर निघालेल्या आकड्याएवढी चळत रचून ती मोठ्या अभ्र्यात सरळ घाला. घड्या घसरत असतील तर बाहेरून दोन जागी नाडी बांधा. झोपताना खांदा उशीवर चढवू नका. खांदा गादीवर, उशीची कड मान आणि खांद्याच्या कोनात सरकवलेली, आणि उशीवर फक्त मान व डोकं. उशी बरोबर असूनही दुखणारे बरेच लोक इथेच चुकतात: खांद्यासकट उशीवर चढतात, मग मान पुन्हा पोकळीत लोंबते.

आता घरच्या माणसाला मोबाईलवर पाठीमागून एक फोटो काढायला सांगा, कॅमेरा गादीच्या पातळीला धरून. कुशीवर असाल तर मानेच्या मागचा मणक्यांचा माग पाठीच्या रेषेत सरळ गेला पाहिजे. उताणं असाल तर बाजूनं फोटो घ्या. कपाळ आणि हनुवटी जवळपास एका पातळीत हवेत. हनुवटी वर गेली असेल तर एक टॉवेल वाढवा, खाली दबली असेल तर काढा.

फोटो जमला म्हणजे काम झालं असं नाही. एका उंचीवर निदान तीन रात्री झोपा. पहिली रात्र बहुतेकांना परकी वाटते, कारण वर्षानुवर्षं चुकीच्या उंचीला सरावलेले स्नायू लगेच सैल होत नाहीत. तीन रात्रींनंतर दुखण्याची जागा पाहून एकच टॉवेल कमी-जास्त करा. एकदम दोन नकोत, नाहीतर काय लागू पडलं ते कळत नाही. सगळा उद्योग दोन आठवड्यांत उरकतो. ज्या उंचीवर सलग तीन-चार सकाळी मान हलकी वाटली तो आकडा लिहून ठेवा. दुकानात हाच आकडा घेऊन जायचं आहे.

उताणं झोपणाऱ्यांनी अजून एक करून पाहावं. हात पुसायचा छोटा टॉवेल गुंडाळून चार-पाच सेंमी जाडीची वळकटी करा आणि अभ्र्याच्या आत, खालच्या कडेला, मानेखाली येईल अशी सरकवा. मानेच्या बाकाला आधार मिळतो आणि डोकं खालीच राहतं. वळकटी टोचली तर ती जाड झाली आहे. एक वळसा कमी करा.

रात्रीत कूस बदलणाऱ्यांचं काय? अगदी स्थिर झोपणारा माणूस विरळाच. ज्या स्थितीत सकाळी जाग येते आणि घरचे ज्या स्थितीत जास्त वेळा बघतात ती मुख्य धरा. कूस मुख्य असेल तर कुशीच्या आकड्यातून १ सेंमी कमी करा, उताणं असताना फार उंच होणार नाही. याहून नेमकं हवं असेल तर उशीच्या मध्यभागी उताण्याची उंची आणि डाव्या-उजव्या बाजूला अभ्र्याच्या आत एकेक घडी केलेला टॉवेल, असं रचा. लोळून बाजूला गेलं की उंची आपोआप वाढते.

"उशी बंद करा" हा सल्ला

मणक्याचं दुखणं म्हटलं की "उशी घेऊ नका" असं सर्रास सांगितलं जातं. ताठ पाठीचा माणूस कडक गादीवर कायम उताणाच झोपत असेल तर त्याला पातळ घडी पुरते, तिथे हा सल्ला जवळपास बरोबर ठरतो. पण तोच माणूस रात्री कुशीवर वळला की मान खाली लोंबकळते, आणि पोक आलेल्या माणसाला तर उशीशिवाय झोप म्हणजे शिक्षाच. तुमच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल तर त्यांना "मी कुशीवर झोपतो" हे आवर्जून सांगा आणि मग काय करायचं ते विचारा. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मात्र उशी फेकू नका. एक अपवाद ठाम आहे: वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नकोच. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, पण झोपेत बाळाचा श्वास अडकण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी मोठा.

आता भरण

कापूस. सोलापूरच्या हवेला सगळ्यात मानवणारं भरण. घाम शोषतो, उन्हात टाकला की ताजा होतो, आणि हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. १७ बाय २७ च्या उशीत साधारण एक ते दीड किलो कापूस बसतो. मानेसाठी दीड किलोची दगडासारखी उशी बहुतेकांना उंच पडते. एक ते सव्वा किलोवर थांबा आणि कॅन ठेवून मोजा. कापसाची नवी उशी पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत दबते, म्हणून तुमच्या आकड्यापेक्षा एक-दीड सेंमी जास्त भरून घ्या. कापसाचा दोष एकच: मध्यभागी खळगा पडतो, कडेला गोळे होतात आणि डोकं त्या खळग्यात अडकतं. रोज सकाळी उशी उचलून चारही कोपऱ्यांवर आपटणं आणि बाजू पालटणं एवढ्यानं हे बरंच लांबतं. गोळे हाताला लागायला लागले की पिंजून घ्यायची वेळ झाली. साधारण दोन वर्षांनी ती येतेच.

शेवरी, म्हणजे सावरीचा कापूस, वजनाला हलका आणि मऊ. तो ओल फारशी धरत नाही. ज्यांना मऊ पण थोडी उंच उशी हवी त्यांना उत्तम. मात्र त्यात साधा कापूस मिसळून विकला जातो. ओळखायचं कसं? चिमूटभर घेऊन देवापुढच्या वातीसारखी वळून पाहा. साध्या कापसाची वात वळते. शेवरीचे तंतू गुळगुळीत असल्यानं ते बोटांतून निसटतात आणि वात धरत नाही. शेवरीची धूळ बारीक असते. दम्याच्या माणसानं ती भरताना जवळ उभं राहू नये आणि खोळ घट्ट विणीच्या गादीपाटाचीच (गाद्यांच्या खोळीचं जाड कापड) घ्यावी.

फायबर. दुकानात १५ सेंमी फुगलेली दिसते, कॅनखाली निम्मीही उरत नाही. फसवणूक होते ती इथे. धुता येते हा मोठा फायदा, त्यामुळे ॲलर्जीवाल्यांना सोयीची. पण वर्ष-दीड वर्षात तंतू मोडून ती बसते. परीक्षा: उशी मधोमध दुमडून सोडा, फट्‌कन उलगडली तर जीव आहे, दुमडलेलीच राहिली तर ती उशी संपली.

साधा फोम स्वस्त असतो, पण डोकं उचलून फेकल्यासारखा उसळतो आणि काही वर्षांत पिवळा पडून भुगा होतो. मानेच्या दुखण्यासाठी आम्ही तो सुचवणार नाही.

मेमरी फोम डोक्याच्या आकाराप्रमाणे हळूहळू खचतो आणि दाब सगळीकडे सारखा वाटतो. मात्र तो तापमानावर चालतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडून जातो, तेव्हा पंख्याखालच्या खोलीत हाच फोम नेहमीपेक्षा मऊ पडतो, डोकं जास्त खचतं आणि कानामागे घाम साठतो. डिसेंबरच्या पहाटे तोच कडक लागतो. म्हणजे जानेवारीत निवडलेली उंची मे महिन्यात कमी पडू शकते. घ्यायचाच तर भोकं असलेला घ्या आणि उन्हाळ्यात खाली एक टॉवेलची घडी टाकायची तयारी ठेवा. कूस सारखी बदलणाऱ्याला तो चिखलासारखा वाटतो, त्याला नको.

लेटेक्स म्हणजे रबराच्या चिकापासून केलेली, लहान लहान भोकांची उशी. लगेच वर येते, उंची वर्षानुवर्षं टिकते आणि उन्हाळ्यात मेमरी फोमपेक्षा बरी. वजनदार आणि महाग. तिची उंची बदलता येत नाही, त्यामुळे आधीची चाचणी केल्याशिवाय लेटेक्स घेणं म्हणजे पैशांचा जुगार. रबराची ॲलर्जी असलेल्यांनी टाळावी.

मेडिकलच्या दुकानात मिळणारी लाटेसारखी सर्व्हायकल उशी चुकीच्या बाजूनं वापरणारे खूप लोक आहेत. तिला दोन उंचवटे असतात, एक मोठा, एक लहान, आणि मध्ये खोलगा. उंचवटा मानेखाली यायला हवा आणि डोकं खोलग्यात. उंचवट्यावर डोकं ठेवलं तर दुखणं वाढतं. उताणं झोपताना लहान उंचवटा, कुशीवर मोठा. खोक्यावरची उंची डोळे झाकून मानू नका, उंचवटा आणि खोलगा दोन्हीकडे वजन ठेवून मोजा, आणि अंगाला लागली नाही तर परत घेणार का हे बिल करण्याआधी विचारा.

गादीच्या दुकानात काय सांगायचं

तयार उशीपेक्षा भरून घेतलेली उशी मानेसाठी जास्त शहाणपणाची, कारण चूक झाली तर दुरुस्त होते. सांगायचं ते असं:

- माप १७ बाय २७ इंच. फार लहान उशीवरून डोकं रात्री घसरतं.
- खोळ गादीपाटाची, एका आखूड बाजूला चेन लावलेली. कापड सोलापूरच्या कापडबाजारातून, चाटी गल्लीतून, स्वतः घेऊन दिलंत तर पोत हाताळून निवडता येतो. शिवून बंद केलेली खोळ घेऊ नका, मूठभर कापूस काढायलाही उसवावी लागते.
- कापूस नवा, ताजा पिंजलेला आणि समोर वजन करून भरलेला. मुठीत दाबून सोडल्यावर फुलतो तो चांगला. काळपट ठिपके, सरकीचे तुकडे किंवा कुबट वास आला तर तो जुन्या गाद्यांतला आहे.
- भरण मध्ये आणि कडेला सारखं. कूस बदलणाऱ्यांनी "दोन्ही टोकांना थोडं जास्त, मध्ये कमी" असं सांगावं.
- मूठभर जास्तीचा कापूस वेगळ्या पिशवीत मागून घ्या. पुढच्या वर्षी उशी बसली की तोच कामाला येतो.

दुकानात पाच किलोचं वजन असेल तर खाली छोटी ताटली ठेवून ते उशीच्या मध्यभागी ठेवा आणि घरच्यासारखीच वजाबाकी करा. दुकानदार चार प्रश्न विचारेल, विचारू दे. तुम्हाला आयुष्याचा तिसरा भाग त्या उशीवर घालवायचा आहे.

खांदा दुखत असेल तर एक उशी पुरत नाही

दुखऱ्या खांद्यावर झोपायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दुसऱ्या कुशीवर झोपल्यावर दुखरा हात पुढे गादीवर पडतो आणि खांदा रात्रभर खाली ओढला जातो, तिकडे लक्ष जात नाही. छातीसमोर एक उशी किंवा लोड घ्या आणि कोपरापासून मनगटापर्यंत अख्खा हात तिच्यावर ठेवा. हात खांद्याच्या पातळीला राहिला पाहिजे. उताणं झोपणाऱ्यांनी दुखऱ्या बाजूच्या दंडाखाली आणि कोपराखाली चार पदरी टॉवेल सरकवावा, म्हणजे खांदा मागे पडत नाही. गुडघ्यांमध्ये एक पातळ उशी घेतली तर कमरेचा पीळ जातो, आणि वरचं अंग पुढे कलंडत नाही म्हणून खांद्यालाही फायदा होतो.

मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा जखडण्याचं प्रमाण जास्त असतं. हात डोक्यावर नेता येत नाही, मागे वेणीपर्यंत किंवा खिशापर्यंत पोचत नाही, असं आठवडे चाललं असेल तर उशा बदलत बसू नका. तपासणी आणि व्यायाम सुरू करा, उशीची मदत फक्त झोप लागण्यापुरती.

ऊन, कूलर आणि गच्ची

कापसाची आणि शेवरीची उशी महिन्यातून एकदा, खोळीसकट, दोन-तीन तास उन्हात टाका आणि दर तासाला पालटा. लेटेक्स आणि फोम मात्र उन्हात कधीही नको, ऊन त्यांना कुजवतं. सावलीत वाऱ्यावर ठेवा. केसांना तेल लावून झोपायची सवय असेल तर उशीवर दोन अभ्रे चढवा, वरचा आठवड्याला धुवा. तेल कापसात मुरलं की गोळे लवकर होतात. कूलरसमोर उशाला ओलसर हवा येत असेल तर कापूस दमट पडून बसतो, त्या दिवसांत ऊन दाखवणं आठवड्यावर आणा.

उन्हाळ्यात अनेक घरं अजूनही गच्चीवर झोपतात. एरवी पलंगावर चार इंची मऊ गादी, आणि तिथे मात्र फरशीवर सतरंजी किंवा वाकळ. खाली काहीच रुतत नाही, त्यामुळे घरात बरोबर बसणारी उशी तिथे कुशीवर एक ते तीन सेंमी कमी पडते. मे महिन्यात अचानक मान धरायला लागली की लोक गार वाऱ्याला दोष देतात. गच्चीवर जाताना उशीसोबत एक-दोन टर्किश टॉवेल घेऊन जा, चार पदरी घडी करून उशीखाली सरकवा, आणि पावसाळ्यात खाली आलात की ते काढून ठेवा.